दुखण्याचा साक्षीदार

सुरतेत रफ हिरा कापण्याआधी यंत्रात घालून पाहतात. गॅलक्सी नावाचं हे यंत्र दगडाच्या पोटातला एकेक डाग, एकेक चीर शोधून संगणकावर त्यांचा नकाशा काढून देतं. त्यावरून ठरतं की या रफमधून किती माल निघेल आणि घाट कसा द्यायचा. डाग कुठे आहे एवढं कळलं की काम भागतं, कारण हिऱ्याला स्वतःच्या डागाविषयी काही सांगायचं नसतं. याच शहरात एमआरआयच्या यंत्रात माणसं जातात, तेव्हा मात्र डाग सापडला म्हणजे सगळं कळलं असं होत नाही. त्या माणसाने आधीच काहीतरी सांगितलेलं असतं. ते सांगणं आणि तो डाग, यांतला खरा पुरावा कोणता? हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानात तो फार टोकदार होतो.

मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीची नस यांतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या आवरणावर चालून जाते. जिथे आवरण गेलं तिथून जाणारा निरोप मंदावतो, अडखळतो, कधी पोचतच नाही. म्हणून आज डोळा, सहा महिन्यांनी पाय, मध्येच तोल, मध्येच लघवीवरचा ताबा अशी ही दुखणी एकमेकांशी संबंध नसल्यासारखी येतात आणि पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरूनही जातात. बहुतेकांना सुरुवात विशी ते चाळिशीत होते, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं.

उधना, लिंबायत, डिंडोली हा सुरतेचा खानदेशी भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी लाइनच्या गाडीने आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष लूमवर नाहीतर मार्केटात, आणि बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात, धागे कापतात. समजा, यांतल्याच एखादीला एके दिवशी लाल साडी डाव्या डोळ्याने विटकरी दिसू लागली. उजवा डोळा उघडला की पुन्हा लालभडक. डोळा फिरवला की आत ठणकतं. तीनेक आठवड्यांत सगळं जागेवर येतं आणि विसरलंही जातं. वर्षभराने उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि ते तिला कळतही नाही. पत्र्याखाली उकाडा वाढला की नजर धुरकट होते, पंख्याखाली बसलं की निवळते. घरात सांगितलं तर उत्तरं तयार असतात: रक्त कमी आहे, टेन्शन घेतेस, नीट जेवत नाहीस. कुणी विचारतं, कानबाई देवीचं काही राहून गेलं का? दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या आणि सुई.

उकाड्याने नजर मंदावणं ही त्या बाईची कल्पना नव्हे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये श्रमानंतर नजर तात्पुरती मंदावत असल्याचं नोंदवलं होतं; त्यामागे शरीराचं वाढलेलं तापमान आहे हे पुढे कळलं, आणि ही गोष्ट त्याच्याच नावाने ओळखली जाते. मायलिन गेलेल्या तंतूतून निरोप कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी तेवढंही जमत नाही. म्हणजे या बाईचं एकेक वाक्य हे आजाराचं नेमकं वर्णन आहे. तरी ते ऐकून कुणी हलत नाही. मग कधीतरी कुणी एमआरआय करायला सांगतं, फिल्मवर पांढरे ठिपके उमटतात, आणि इतके दिवस जिच्या शब्दाला किंमत नव्हती तिच्याभोवती त्याच संध्याकाळी सगळं घर गोळा होतं.

हे फक्त सुरतेत घडतं असं नाही. शार्को यांच्या ज्या रुग्णालयात हा आजार ओळखला गेला, तिथेच ते हिस्टेरियाचेही सर्वांत प्रसिद्ध अभ्यासक होते. पुढची कित्येक दशकं या आजाराच्या अनेक स्त्रियांवर हिस्टेरियाचाच शिक्का बसत राहिला. जॅकलिन द्यु प्रे ही विसाव्या शतकातली मोठी चेलोवादक. तिच्या बोटांची संवेदना जात होती, पण ते मनावरच्या ताणाचं लक्षण मानलं गेलं. निदान झालं १९७३ मध्ये. तेव्हा एमआरआय वापरात नव्हता.

भारतात आणखी एक अडचण होती. हा थंड प्रदेशातल्या गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतोच, अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती. जो आजार नसतोच त्याची लक्षणं सांगणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? ही समजूत हलवणाऱ्यांत एक नाव सुरतेचंच आहे. डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ चा, सुरतेतला. मुंबईच्या जे. जे. आणि जसलोक रुग्णालयांत त्यांची कारकीर्द झाली आणि २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी डॉ. भाटिया यांच्यासह १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाजात हा आजार लाखामागे वीसहून अधिक जणांना असल्याचं दाखवलं. उरलेल्या भारतासाठी तेव्हा धरले जाणारे आकडे याच्या मानाने नगण्य होते. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनीही या आजारावर आयुष्यभर काम केलं. पुढे एमआरआयची यंत्रं गावोगाव पोचली, तसा हा आजार समजला जात होता त्याहून अधिक असल्याचं दिसत गेलं. माणसं तेव्हाही होती आणि सांगतही होती. मोजणारं मात्र कुणी नव्हतं.

यंत्रावर इतका विश्वास का बसतो? आपण डोळ्यांनी पाहिलं, असं वाटतं म्हणून. पण खरंच पाहिलं का?

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू उतरवावा लागतो. बांगड्या, जोडवी, केसांच्या पिना, आणि मंगळसूत्रसुद्धा. ते काढताना कित्येक बायका घुटमळतात आणि सोबतच्या नणंदेच्या मुठीत ठेवून आत जातात. दंडाला बांधलेला तांब्याचा ताईतही बाहेर राहतो. आतला चुंबक दीड टेस्लाचा असेल तर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचा असतो. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रं या क्षेत्रात एका दिशेने झुकतात, रेडिओलहरींच्या धक्क्याने हलतात आणि परत जागेवर येताना क्षीण संदेश सोडतात. ते संदेश टिपून संगणक गणिताने चित्र रचतो. कॅमेऱ्यात प्रकाश पडावा तसं इथे काही होत नाही. त्यातही निवड असते. मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी मुद्दाम काळं करून टाकणारी फ्लेअर नावाची पद्धत वापरली, तर पोकळीच्या काठचे डाग उठून दिसतात. साध्या पद्धतीत तेच डाग पाण्याच्या पांढरेपणात बुडून जातात. दुसरीकडे, मेंदूच्या वरच्या करड्या थरातले बरेचसे डाग रोजच्या वापरातल्या यंत्रांना दिसतच नाहीत. ज्याला आपण प्रत्यक्ष म्हणतो ते असं पायरीपायरीने अनुमान करत रचलेलं असतं.

प्रत्यक्ष आणि अनुमान यांची चर्चा आपल्याकडे जुनी आहे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी १८९७ मध्ये मुंबईत त्याची जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. नैयायिक ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमानाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. पण हे म्हणायला आधी व्याप्ती हवी: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. आणि या शास्त्राची खरी धार पुढे आहे. व्याप्ती उलटी फिरवता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असं नसतं; तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओलं सरपण असेल तरच धूर. या आडून आलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात आणि अशा अनुमानाला दुष्ट ठरवतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानातली सर्वांत मोठी चूक नेमकी ही आहे. हा आजार असलेल्या बहुतेक सर्वांच्या मेंदूत पांढरे डाग असतात, हे खरं. म्हणून पांढरे डाग असलेल्या प्रत्येकाला हा आजार असतो, हे मात्र खोटं. अर्धशिशी, रक्तदाब, मधुमेह आणि नुसतं वय यांनीही मेंदूत ठिपके येतात. लॉस एंजेलिसच्या दोन नामांकित केंद्रांत हे निदान घेऊन नव्याने आलेल्या २४१ रुग्णांची छाननी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना हा आजार नव्हताच. अनेकांना अर्धशिशी होती, आणि काहींनी नसलेल्या आजाराची जड औषधं वर्षानुवर्षं घेतली होती.

आपल्याकडे तर धुरासारख्या दिसणाऱ्या धुळीचे आणखी प्रकार आहेत. मेंदूतला क्षय आहे, फीतकृमीच्या अळ्यांनी होणाऱ्या गाठी आहेत. आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आहे, जो डोळा आणि मज्जारज्जू दोन्ही धरतो. तो बराच काळ याच आजाराचा आशियाई अवतार मानला गेला. २००४ मध्ये त्याचं वेगळं प्रतिपिंड सापडलं आणि तो निराळा आजार ठरला. हा भेद फक्त नावापुरता नाही, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं त्या रुग्णांची प्रकृती बिघडवतात.

यावर विज्ञानाने जो मार्ग काढला तो एखाद्या नैयायिकाला मनापासून आवडला असता. नुसता हेतू, म्हणजे धुरासारखी अनुमानाची खूण, पुरत नसेल तर तो अधिक नेमका करा. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं की या आजाराचे डाग बारीक शिरांच्या भोवती, बोटांसारखे लांबट पसरतात. आजच्या प्रगत एमआरआयमध्ये, विशेषतः तीन टेस्ला आणि त्यावरच्या यंत्रांत, डागाच्या मधोमध जाणारी ती शीर काळ्या रेघेसारखी जिवंत माणसाच्या मेंदूत दिसू शकते. अर्धशिशीच्या ठिपक्यात ती क्वचित असते. काही जुन्या डागांच्या कडेला लोह साठवलेल्या पेशींची गडद कडा दिसते, म्हणजे तिथे आग अजून धुमसते आहे. निदानाचे मॅकडोनल्ड निकष २००१ मध्ये आले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले. २०२४ मध्ये मांडलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताज्या आवृत्तीत या दोन्ही खुणांना जागा मिळाली आहे. दृष्टीच्या नसेचाही तपासायच्या जागांत समावेश झाला आहे.

या निकषांचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो: स्थळ आणि काळ. आजार मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी, एकाहून अधिक वेळा झाला हे दिसायला हवं, अशी ही कल्पना; ताज्या आवृत्तीत मात्र काळाची अट सर्वांसाठी सक्तीची राहिलेली नाही. पूर्वी काळासाठी थांबावं लागे. दुसरा झटका येईपर्यंत निदान अर्धवट राही. आता शिरेतून गॅडोलिनियम दिलं की काही आठवड्यांपूर्वीचे ताजे डाग उजळतात आणि जुने तसेच राहतात. एकाच चित्रात आधी आणि नंतर शेजारी शेजारी दिसतात. मानवी बुद्धीचं हे खरोखर मोठं काम आहे.

पण या निकषांचा वापर कुठून सुरू होतो ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. आजाराला साजेशी लक्षणं घेऊन आलेल्या माणसापासून. डोळा दुखतो, पाय जड पडतो, मान पुढे वाकवली की पाठीतून वीज सरकते, असं त्याने सांगितल्यावर हे निकष लावायचे. लॉस एंजेलिसमधल्या त्या चुकांचं मोठं कारण हेच होतं की सांगणं साजेसं नसताना चित्रावर भर दिला गेला. म्हणजे अनुमान शब्दावर उभं आहे.

शब्दप्रमाण म्हटलं की लोकांना वेद आठवतात. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी मात्र शब्दाची व्याख्या विलक्षण उदार ठेवली आहे. ज्याने गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू पडतं, असं ते स्पष्ट म्हणतात. साक्षीदाराची किंमत त्याच्या जातीवरून, शिक्षणावरून किंवा भाषेवरून ठरत नाही. मग आपल्या पायाविषयी सांगणारी, अहिराणी बोलणारी बाई ही त्या विषयातली आप्तच. न्यायमतात सुखदुःख मनाने प्रत्यक्ष जाणलं जातं, आणि ज्याचं त्यालाच. तेव्हा या सगळ्या प्रकरणात प्रत्यक्ष कुणाकडे असेल तर ते तिच्याकडे आहे. डॉक्टरकडे तिचा शब्द आहे आणि तपासणीत हाताला लागलेल्या खुणा आहेत. फिल्मकडे अनुमान आहे. आपण मात्र फिल्मला प्रत्यक्ष म्हणतो आणि तिला संशयित ठरवतो.

शब्द किती पुरतो याचा एक पुरावा इतिहासात आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस देस्ते याने डिसेंबर १८२२ पासून आपली नजर कशी गेली आणि परत आली, पाय कसे लुळे पडत गेले, याची रोजनिशी ठेवली. १८४८ मध्ये तो वारला. शार्को यांचं वर्णन यायला अजून वीस वर्षं होती. शंभर वर्षांनी ती रोजनिशी वाचून डॉक्टरांनी निदान केलं, आणि ते आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ना तपासणी, ना फिल्म, ना शवविच्छेदन. एका माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेली वाक्यं, एवढाच आधार.

तरीही माणसाचा शब्दच सर्व काही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. झटके येतात त्याच्या पाच ते दहा पट नवे डाग मेंदूत गुपचूप पडत असतात, हे एमआरआयमुळेच कळलं. रुग्ण ‘आता बरी आहे’ म्हणते आणि ते खरंही असतं. त्याच वेळी आत झीज चालू असते. उलटही होतं. फिल्मवर डागांची गर्दी असलेला माणूस मजेत कामावर जातो आणि मोजके डाग असलेला खाटेला खिळतो, कारण मज्जारज्जूतला एवढासा डागही पाय नेऊ शकतो. चित्र आणि हाल यांचा मेळ न बसणं इतकं नेहमीचं आहे की वैद्यकीय साहित्यात त्याला विरोधाभास असं नावच पडलं आहे. वात्स्यायनांच्या भाष्यात अग्नीचंच उदाहरण आहे: आधी कुणी सांगतं की तिथे अग्नी आहे, जवळ गेल्यावर धुरावरून अनुमान होतं, आणखी जवळ गेल्यावर तो दिसतो आणि जिज्ञासा शमते. या आजारात तिसरी पायरी जवळजवळ येतच नाही. मायलिन गेलेला तंतू डोळ्यांनी दिसतो तो शवविच्छेदनात किंवा क्वचित मेंदूचा तुकडा काढला तर. जिवंत माणसासाठी पहिल्या दोन पायऱ्यांवरच उभं राहून निर्णय घ्यायचा असतो. म्हणून त्या दोन्ही पक्क्या हव्यात.

आणि आता पहिलीच पायरी नसलेला माणूस समोर आला आहे. बाइकवरून पडला, डोक्याला मार लागला म्हणून एमआरआय झाला आणि त्यात या आजाराला शोभतील असे डाग निघाले. त्याला कधीच काही झालेलं नाही. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅरिन ओकुडा आणि सहकाऱ्यांनी या स्थितीला रेडिऑलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम हे नाव दिलं. अशा लोकांतल्या सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत पहिलं लक्षण दिसतं. उरलेल्या निम्म्यांना त्या मुदतीत काहीच होत नाही. ताज्या निकषांनुसार यांतल्या काहींना आता सरळ मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान देता येतं. पतंजलींच्या योगसूत्रांत टाळायचं दुःख म्हणून न आलेल्या दुःखाचाच निर्देश आहे, आणि लवकर औषध दिल्याने पहिला झटका टळू शकतो हे प्रयोगांत दिसलंही आहे. पण ज्या तरुणाला कालपर्यंत काही नव्हतं त्याला आज रुग्ण म्हणायचं, तर त्याची नोकरी, त्याचं लग्न, त्याचा विमा या सगळ्यावर त्या फिल्मची सावली पडते. इथे त्याच्याकडे सांगायला काही नसलं तरी विचारण्यासारखं पुष्कळ असतं: किती शक्यता, किती खात्री, थांबलो तर काय? याची उत्तरं त्याला सविस्तर मिळाल्याशिवाय त्याच्या नावापुढे आजार लिहिला जाऊ नये, असं ठामपणे म्हणायला हवं.

निदान झालेल्या बाईच्या घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो. हिलाच का? कुठल्या जन्माचं? नैयायिकही अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माचं न दिसणारं फळ, मानत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दृष्ट कारण मिळत असताना अदृष्टाची कल्पना करू नये, हा मीमांसकांचा दंडक आहे, आणि दृष्ट कारणाचा माग आज बराच लागला आहे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. हा विषाणू जगातल्या बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात असतो, आणि आजार फार थोड्यांना होतो. कारण आवश्यक असलं तरी पुरेसं नाही. हिलाच का याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, पण त्या रिकाम्या जागी तिचं पाप लिहिण्याचा अधिकारही कुणाला नाही. ज्या बाईला आधी खोटारडी ठरवलं तिला नंतर पापी ठरवणं हा एकाच अन्यायाचा दुसरा भाग आहे.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव घेऊन समावेश आहे. पण बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि थकवा, दुपारच्या उकाड्यात मंदावणारी नजर, न लागणारा बाथरूमचा अंदाज हे टक्क्यांत मोजणं कठीण आहे. तिथेही पुन्हा तिलाच विचारावं लागेल. सुरुवात त्याहून सोप्या जागी करता येते. एमआरआयसाठी जी चिठ्ठी लिहून देतात, तिच्यावर रुग्णाच्या तक्रारीसाठी एक रकाना असतो. घाईत तो अनेकदा एखाद्या शब्दावर भागतो: डोकेदुखी, अशक्तपणा. तिथे कोणता डोळा, कोणता रंग, किती आठवडे, कोणता पाय, उकाड्याने वाढतं का, हे तिच्या सांगण्याप्रमाणे चार ओळींत उतरलं, तर चित्र वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला दृष्टीच्या नसेचे आणि मज्जारज्जूचे वेगळे छेद घ्यायचे की नाहीत हे ती यंत्रात जाण्याआधीच ठरवता येतं.